सोळापैकी अकरावा

पहिलेच सांगून ठेवतो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. कामठ्यात तर नाहीच नाही. माझ्या तोंडून "आज मंगळवार" एवढं निघालं तरी कामठ्याचे लोक घरी जाऊन कॅलेंडर पाहतात. पन्नास वर्षांत मी या गावाला इतक्या गोठी सांगितल्या की माझ्याजवळचा खऱ्याचा साठा केव्हाच संपला. इंजिनच्या सायलेन्सरवर मी गावच्या बोडीतली, म्हणजे तळ्यातली, मासोळी भाजून खाल्ली, हे खरं होतं. त्यावर सगळे हसले. चोरखमाऱ्याच्या धरणात बुडालेला रेडा तिसऱ्या दिवशी रवंथ करत वर आला, हे धडधडीत खोटं. ते लोकांनी आपापल्या पाव्हण्यांना शपथेवर सांगितलं.

तर आता एक सांगतो. मी, बकाराम मिस्त्री, ज्याच्या कानासाठी गोंदियापासून सौंदडपर्यंतचे राईस मिलवाले गाडी पाठवायचे, तो मी बहिरा आहे. थोडाबहुत नाही, ठार. सहा वर्षं झाली.

पाहा, नाही ना बसला विश्वास?

लपवणं सोपं होतं. जो बोलत राहतो त्याला कोणी विचारत नाही, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. उरलेलं ओठांवरून वाचायचं. बायामाणसांचे ओठ स्वच्छ चालतात. पुरुषांचं अवघड, कारण निम्म्यांच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. खर्रा भरलेला माणूस काय बोलतो ते त्याच्या बायकोलाही कळत नाही, मग मला काय कळणार? तिथं मी नुसती मान हलवतो आणि म्हणतो, "तेच तर मी म्हणून राहिलो!" आजवर एकानंही नाही म्हटलं नाही.

इंजिन मात्र मान हलवून समजत नाही.

इंजिन ऐकायची माझी एक काडी आहे. सागाची, हातभर लांब, टोकाला बोटाएवढी. एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं कानात. आत कोणता व्हॉल्व्ह लंगडतो, कोणत्या बेअरिंगला तेल नाही, सगळं त्या काडीतून चालत येतं, जसं रुळाला कान लावला की गाडी येते. कान गेले तेव्हा मी ती काडी दातात धरायला लागलो. दातांतून हाडात, हाडातून डोक्यात. आवाज नाही, पण थरथर तरी यायची. लोकांना वाटलं, बुढ्यानं नवीन विद्या काढली. दोन-तीन पोरं मिस्त्रीसुद्धा काडी चावायला लागली. मी हसलो. वाटलं, कानांना फसवलं आपण.

मग दात गेले. कवळी आली. काडी कवळीत धरून पाहिली, तर सगळ्या इंजिनांचं बोलणं सारखंच. खडखड, खडखड. ती इंजिनची की कवळीची, कळायला मार्ग नाही. काम तेव्हाच सोडायला पाहिजे होतं. पण ज्याला साऱ्या तालुक्यानं कान म्हटलं, त्याच्याजवळचा कान काढून घेतला तर खाली काय उरते? काही नाही. एक म्हातारा, रेड्याच्या गोठी सांगणारा.

मागच्या उन्हाळ्यात मनिरामनं मला बोलावलं. मनिराम हा गुलाबचंद शेठच्या मिलवर कामाला होता. लाइन गेली की तिथं जुनं डिझेल इंजिन चालवत, दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढी लोखंडी चाकं असलेलं. मनिराम माझ्यासमोर उभा राहून बोलला, त्याची तेवढी चांगली सवय. म्हणाला, "काका, दोन दिवसापासून आवाज वेगळा येऊन राहिला. ठक-ठक. मले भेव लागते."

मी काडी टेकवली, कवळीत धरली, डोळे मिटले. तोंडात ठकठक झाली. बरोबर तालावर, ठक, ठक. मला वाटलं, कवळी ढिली झाली. जिभेनं ती वर दाबली, ठकठक कमी झाली. मी डोळे उघडले आणि मनिरामच्या खांद्यावर थाप मारली. "अबे, कोकिळा आहे कोकिळा! चालव."

तिसऱ्या दिवशी चाकाची पाचर निसटली. दांड्यावर चाक धरून ठेवते ती पाचर. ती ढिली झाली की आधी ठकठकते, हे मी चाळीस पोरांना शिकवलं होतं. चाक सुटलं, मनिरामच्या अंगावरून गेलं आणि भिंत फोडून बाहेर धानाच्या पोत्यांवर जाऊन पडलं. मिलमध्ये तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

गुलाबचंद शेठनं सांगितलं, मनिराम पिऊन होता, इंजिन कोणाला न दाखवता चालवलं. गावानं ऐकलं. मी तर सगळ्यांच्या समोर बसून ऐकलं, म्हणजे शेठचे ओठ पाहिले. मला बोलता आलं असतं. ज्याचं तोंड पन्नास वर्षांत बंद झालं नाही, त्याचं तोंड तेवढ्यापुरतं बंद राहिलं.

याला आता वर्ष होत आलं. परवाची गोष्ट.

बिरसीच्या रस्त्यावर, गाव संपते तिथं कैलाशची चहाची टपरी आहे. संध्याकाळी मी तिथंच असतो, आणि बसतो नेहमी एकाच जागी, बाकाच्या डाव्या टोकाला. तिथून समोर भोजराजची धानाची बांधी दिसते. उन्हाळी धानाला पाणी द्यायला त्यानं बोडीवर डिझेल पंप बसवलाय. तो धूर काळा सोडायला लागला की मी कपात पाहत म्हणतो, "भोजराज, तुह्या पंपाचं तोंड बिघडलं वाटते गा." भोजराज जाऊन पाहतो, परत येतो आणि साऱ्यांना सांगतो, "बाप्पा! काय कान आहे बुढ्याचा!" धूर कोणी पाहत नाही. लोक कानच पाहतात.

त्या दिवशी मनिरामची थोरली पोरगी दामिनी आली. बाकावर जागा होती, पण ती बसली रस्त्याच्या बाजूला, पळसाखालच्या दगडावर. तिचे ओठ पाहायचे तर मला पूर्ण वळणं भाग होतं. वळलो. पंप पाठीमागे गेला.

"आजा, एक विचारू?"

"विचार ना माय. विचाराले काही लागत नाही."

"परवा बाबाले वर्ष होते."

कैलाशनं चहाची किटली खाली ठेवली. भोजराज माझ्या बाजूला होता, गालात खर्रा भरून, आणि पलीकडे आणखी दोघं.

"शेठ जेवाले येणार आहे," ती म्हणाली. "तेरवीलेबी आला होता. पंगतीत बसून सांगत होता, मनिराम पेऊन होता म्हणून. माही माय वरण वाढत होती. तिच्या हातातून पळी सुटली. आता परवा पुन्हा तेच सांगन."

माझी नजर तिच्या ओठांवरच होती.

"बाबा कधी दारूले शिवले नाहीत. आणि इंजन न दाखवता चालवलं नाही त्यायनं. मले स्वतः म्हणाले, बकाराम काकाले दाखवलं, त्यानं ऐकून पाहिलं, चांगलं आहे म्हणाला. मी सांगते तर लोक म्हणतात, पोरगी बापाचंच बोलन." ती थांबली. "आजा, तुमची चूक झाली असं मी म्हणूनच नाही राहिली. लोखंड आहे, तुटते. तुम्ही पाहिलं तेव्हा चांगलंच असन. फक्त परवा पंगतीत चार माणसांत सांगा, मनिरामनं मले बोलावलं होतं म्हणून. बस, एवढंच."

एवढंच. पोरीनं मला माफीसुद्धा आणून दिली होती, कागदात गुंडाळून, मी मागायच्या आधी. माझ्या वाट्याला फक्त एक वाक्य होतं. पण ते बोललो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, मग मिस्त्री, तुम्हाला ठकठक कशी ऐकू आली नाही? पाचरीची ठकठक तर शेंबडं पोरगंही ऐकते. कैलाशनं विचारलं असतं. भोजराजनं विचारलं असतं, खर्रा थुंकून.

सारे माझ्याकडे पाहत होते. मग मी तेच केलं जे मला येतं.

"सांगतो," मी म्हणालो. "पण पहिले तुले सोळा सिलिंडर म्हणजे काय ते समजलं पाहिजे."

"झालं!" कैलाश म्हणाला. "बुढ्याचं विमान निघालं."

"अबे, चहा उकळ तू. बेटा, एका सिलिंडरचं इंजन म्हणजे एकटा बैल. बसला की गाडी थांबली. लगेच समजते. पण सोळा जुंपले, आणि एक मेला, तरी पंधरा ओढत राहतात. मेलेलाबी त्यायच्या संगं फरफटत जाते. गाडीवानाले पत्ता नाही. म्हणून सोळावाल्याले कान लागते, समजलं का? नागपूरले माह्या उस्तादाजवळ इंग्रजी मासिकांची पेटी होती. सारी वाचून काढली मी."

हे अर्धं खरं. पेटी होती. वाचून उस्ताद दाखवायचा, मी चित्रं पाहायचो. पण त्या चित्रांतलं सगळं मला अजून पाठ आहे, आणि ते मी सांगायला लागलो. जर्मनीशी पहिली मोठी लढाई चालू होती तेव्हा फ्रान्सातल्या एका कारागिरानं आठ-आठ सिलिंडरांची दोन इंजिनं शेजारीशेजारी उभी करून विमानासाठी एक सोळाचं केलं. अमेरिकावाले ते घ्यायला आले. चाचणी चालू होती, पंखा फिरत होता, आणि त्यांचाच एक शिपाई नको तेवढा जवळ गेला...

इथं माझी जीभ अडखळली. दामिनीच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. गोठ सांगणाऱ्यानं पुढचं वळण आधी पाहून ठेवावं म्हणतात. मी पाहिलं नव्हतं.

"मग काय झालं?" कैलाश.

"मग काय, लढाई संपली. ते इंजन तयार झालं तोवर लढाईच संपली."

मी तिथून घाईनं अमेरिकेला गेलो. तिथं सोळा सिलिंडरची मोटार निघाली, तीसच्या साली. इतकी मऊ चालायची की चालू इंजिनवर नाणं उभं ठेवलं तरी पडत नसे. पण ती आली कधी? बाजार बुडाला त्यावेळी. एकीकडे पावासाठी माणसांच्या रांगा, आणि दुसरीकडे ही राजेलोकांची मोटार. मग घेतली कोणी? राजेलोकांनीच. आपल्याकडच्याही राजांनी मागवल्या. पेट्रोल किती प्यायची याचा हिशेब कोणी केला नाही, कारण हिशेब करणाऱ्याच्या दारात ती कधी आलीच नाही.

मग इंग्रजांनी सोळाची विमानं केली. जर्मनांनी ड्रायव्हरच्या पाठीमागे सोळा घालून शर्यतीची मोटार केली. दुसरी लढाई झाल्यावर इंग्रजांनीही शर्यतीसाठी एक सोळाची गाडी बांधली. तिचा आवाज असा की बघणाऱ्यांची पोटं हलायची. सारा देश पाहायला जमला. निशाण पडलं, बाकीच्या गाड्या गेल्या, ही जागच्या जागी मोडली.

"हात्तिच्या!" कैलाश हसला.

"हसू नको. अमेरिकेनं लढाऊ विमानासाठी सोळाचं एक इंजन केलं. वर्षानुवर्षं घासलं. ते हवेत उडालं तेव्हा लढाई सरत आली होती, आणि जेट विमान आलं होतं. एवढं कायले, आपलंच पाहा. सौंदडच्या स्टेशनावर डिझेल इंजन यायचं ना, त्यातबी सोळा होते. रेल्वेवर विजेची तार आली, ते गेलं. आता फ्रान्समधीच एक मोटार होती सोळावाली, साऱ्या जगात तिच्यासारखी पळणारी नाही. तेही इंजन बनवणं बंद झालं म्हणतात. सोळाचं नशीबच असं. तयार होते तेव्हा कोणाले त्याची गरज नसते."

हे मी का सांगत होतो? वेळ काढायला सांगत होतो. पण सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. शंभर वर्षं इतक्या शहाण्या माणसांनी इतकं लोखंड घडवलं, आणि प्रत्येक वेळी ते उशिरा पोचलं. माझंही तसंच. मनिरामच्या तेरवीला एक वाक्य बोलायचं होतं. तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी. नाही तर महिन्याभरानं. आता वर्ष झालं होतं, आणि मी फ्रान्समध्ये फिरत होतो.

"आजा," दामिनीचे ओठ हलले. "बाबाचं सांगा ना."

"येऊन राहिलो, येऊन राहिलो. तिथंच येऊन राहिलो. हे आपलं बिरसी आहे ना? लढाईच्या टायमाले इंग्रजानं धावपट्टी बांधली. तिथं एक विमान उतरलं. सोळा सिलिंडरवालं."

भोजराज काहीतरी बोलला. खर्रा होता, काही कळलं नाही. "तेच तर मी म्हणून राहिलो!" मी म्हणालो. तो माझ्याकडे जरा विचित्र पाहत उठला आणि माझ्या पाठीमागे निघून गेला. थुंकायला गेला असेल, मी पुढं चाललो.

"गोऱ्यायचे चार मिस्त्री तीन दिवस लागले. सोळापैकी एक मेला होता, पण कोणता ते सापडेना. उघडून पाहत, बंद करत. माह्या बापानं मले खांद्यावर नेलं होतं पाहाले. मी सात वर्षांचा."

"आजा," कैलाश मध्येच म्हणाला, "तुमच्या मतदान कार्डावर एकोणपन्नासचा जन्म आहे. लढाई तर पंचेचाळीसले संपली."

"कार्ड लिहिणारा बहिरा होता."

सगळे हसले. दामिनीसुद्धा, थोडंसं. तिच्या हसण्यात मनिराम होता, डावीकडचा दात जरा पुढं आलेला. मला वाटलं, आता थांबावं. इथंच. म्हणावं, पोरी, बोलावलं होतं तुझ्या बापानं मला, आणि मी त्याला मारलं. पण हसलेली माणसं समोर असली की माझं चाक थांबत नाही. त्याचीही पाचर केव्हाची ढिली झाली आहे.

"मी खाली उतरलो. काडी घेतली, याच काडीसारखी. विमानाले लावली, दातात धरली. डोळे मिटले. सोळा जण आत बोलून राहिले होते, आणि मी एकेकाले वेगळं ऐकलं. पहिला, दुसरा, तिसरा... दहावा. आणि मग अकराव्या जागी काहीच नाही. कसं सांगू? भरल्या पंगतीत एक पत्रावळ रिकामी असावी, तसं. मी गोऱ्याले बोटं दाखवली. दहा, आणि वर एक. त्यानं उघडलं. अकरावाच मेला होता!"

कैलाशची किटली हवेत थांबली होती. मला वाटलं, रंगली. कितीतरी दिवसांनी इतकी रंगली. आणि रंगलेल्या गोठीला शेवटची उकळी द्यावी लागते, नाहीतर ती कच्ची राहते.

"तो कान गेला असं समजू नका," मी म्हणालो, आणि पाठीमागे बोट दाखवलं, मान न वळवता, अगदी उस्तादासारखं. "आताच पाहा. हा भोजराजचा पंप चालू आहे ना? ऐका. सारे ऐका. फट-फट-फट, आणि मधीच एक टक. ऐकू आलं? हे पाहा, पुन्हा. टक. रिंग गेली त्याची. आठ दिवस काढन, जास्त नाही."

मी हात कानाजवळ नेला, डोळे अर्धे मिटले, आणि त्या फट-फटच्या तालावर मान हलवत राहिलो.

डोळे उघडले तेव्हा कैलाश माझ्याकडे पाहत नव्हता. तो माझ्या मागे पाहत होता, बांधीकडे, आणि मग जमिनीकडे. मी वळून पाहिलं, तर बोडीच्या वाटेवरून भोजराज हातात डिझेलचा रिकामा डबा घेऊन परत येत होता.

दामिनी दगडावरून उठली. अगदी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, जशी मनिरामची सवय होती. तिनं आधी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्या कानांकडे. रस्त्यानं जाणारी माणसं वळून पाहायला लागली, म्हणजे ती मोठ्यानं बोलली असणार. पण तिचे ओठ हळू चालले, एकेक अक्षर वेगळं, मला वाचता यावं म्हणून.

"आजा, पंप केव्हाचा बंद पडला आहे. माह्या बाबाचं इंजनबी असंच ऐकलं होतं का तुम्ही?"